मामांच्या टाचा

मी दहा-अकरा वर्षांची असताना नागपूरच्या एका लग्नात अख्खा मांडव आमच्यावर हसला होता. खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत मी माझ्या मामांपर्यंत पोचले, तर मामाच खुर्चीतून उठले, वाकले आणि माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला. "अरे, हे काय उलटंच!" कुणीतरी मोठ्याने म्हणालं आणि जो हशा पिकला त्यात माझे कान लाल झाले. मामांना मात्र काहीच वाटलं नाही. "आमच्या रायपुरात असंच असते," एवढं बोलून ते पुन्हा बसले आणि पानाची तबकडी पुढे ओढली.

आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे रायपूरला आलं आणि पुरानी बस्तीत राहिलं. घरात मराठी टिकली, पुरणाचा नैवेद्य टिकला, पण इतक्या पिढ्या काढल्यावर इथल्या रीतीही अंगात मुरल्या. त्यातली ही एक. छत्तीसगड म्हणजे कौसल्येचं माहेर, म्हणून राम हा इथला भाचा, आणि म्हणून घरोघरचा प्रत्येक भाचा, प्रत्येक भाची रामाच्या जागी. मामाने तिच्या पाया पडायचं. तिने मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाला. मामांना मूलबाळ नव्हतं आणि आईला मी एकटी. त्यामुळे सगळा देवपणा माझ्याच वाट्याला आला होता. लहानपणी मी त्याचा भरपूर फायदा उठवला. गणितात नापास झाले की आधी मामांच्या घरी जायचं, पाय पुढे करायचे, आणि मग आईसमोर मामांनाच उभं करायचं. रामावर हात कोण उचलणार?

छत्तीसगडचं नवं राज्य झालं तेव्हा मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझे वडीलही नव्हते, आणि आई नुकतीच गेली होती. आई आणि मी समता कॉलनीत राहत होतो. तिला साखर होती. टाचेला भेग पडली तेव्हा तिनेच ती हसण्यावारी नेली, बायकांच्या टाचा फुटायच्याच म्हणून. भेगेची जखम झाली, मग बोट काळं पडलं आणि शेवटी नागपूरला नेऊन तिचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. दवाखान्याच्या बाहेर बाकावर मामा आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. पुढे काही महिन्यांनी तीही गेली. उरलो आम्ही दोघं, मी समता कॉलनीत आणि मामा पुरानी बस्तीत.

माझी नोकरी सरकारी. रायपूर राजधानी झालं तेव्हा मंत्रालय थाटलं ते एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. जिथे खाटा असायच्या तिथे आमची टेबलं लागली, आणि पावसाळ्यात भिंतींना औषधांचा वास सुटायचा. बाहेर रस्ते खणलेले आणि त्या धुळीतून लाल दिव्याच्या गाड्या धावायच्या. मामा तोवर निवृत्त झाले होते. जन्मभर ते सिलतऱ्याच्या एका कारखान्यात काट्यावर होते, भरून आलेले ट्रक तोलायचं काम. तिथली काळी धूळ त्यांच्या बनियनमधून कधी गेली नाही. ती आणखी कुठे जाऊन बसली होती ते मला एका रविवारी कळलं.

मामा खिडकीशी दिवाणावर पडले होते, पाय उजेडाकडे. मी चहा घेऊन आत आले आणि कप हातातच राहिला. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाला जशा चिरा पडतात तशा त्यांच्या दोन्ही टाचा फुटल्या होत्या. प्रत्येक चिरेत सिलतऱ्याची काळी रेघ. मामांना साखर होती हे माहीत होतं, गोळ्याही चालू होत्या. पण पायांकडे कोण बघतो? त्यातून मी त्यांच्या पायांच्या जवळपासही कधी जात नसे. रीतच तशी होती.

"मामा, हे दुखत नाही?"

"नाही वं. हेच तर बरं आहे," मामा खुशीत म्हणाले. "पहिले दुखे. आता काहीच नाही दुखत."

 आईही अगदी हेच म्हणायची.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना आमच्या कॉलनीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण आणि शांत होत्या. त्यांनी मामांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या एका जाड धाग्याचं टोक तळव्याला जागोजागी टेकवू लागल्या. कळलं की हो म्हणायचं.

"अब?"

"हव," मामा म्हणाले.

"अब?"

"हव."

मामांचा चेहरा परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा. मी मात्र बघत होते. शेवटच्या कितीतरी वेळा धागा बाईंच्या हातातच होता, पायाला लागलेलाच नव्हता, तरी मामा दर वेळी "हव" म्हणत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामांना त्या काही बोलल्या नाहीत, हे मला फार आवडलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साखरेने पायाच्या नसा बोथट होतात, तसा घामही आटतो, आणि घाम नाही म्हटल्यावर कातडी कोरडी पडून फुटते. फुटलेलं कळत नाही, म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. उपाय अगदी साधा होता. रोज कोमट पाण्याने पाय धुवायचे, आणि पाणी कोमट आहे की नाही ते मामांनी नव्हे, दुसऱ्या कुणी हात घालून बघायचं. टिपून कोरडे करायचे, बोटांच्या मधली जागा तर नक्कीच. मग टाचांना, तळव्याला मलम चोळायचं, बोटांच्या मध्ये मात्र लावायचं नाही, तिथे ओल राहिली की कातडी कुजते. घरातही चपला घालायच्या. आणि ब्लेड, चाकू, खरखरीत दगड, यातलं काहीही पायाला लावायचं नाही.

मलमाच्या नळीवर काय लिहिलंय ते मामांनी रिक्षात डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"युरिया? धानाले टाकतेत तो?"

"तोच असेल. कातडी मऊ होते म्हणे."

"मी काय धानाची बांधी आहो का वं?" मामा म्हणाले, आणि आम्ही दोघंही घर येईपर्यंत हसत राहिलो.

घरी आल्यावर हसू संपलं. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, टॉवेल घेतला, त्यांच्यासमोर खाली बसले, तर मामांनी पाय झटकन दिवाणावर ओढून घेतले. मांजर उडी मारतं तसे.

"काय करून राहिली तू?"

"पाय धुते."

"भाचीच्या हातानं? मले नरकात पाठवतं का?"

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. या माणसाने मला कधी उंच आवाजात हाक मारली नव्हती, आणि आता ते माझ्यावर ओरडत होते. मी समजावलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात ऑफिसातून दमून आलेली. शेवटी मीच म्हणाले, "माझ्यात राम आहे ना? मग राम सांगतोय, पाय पुढे करा."

मामांनी जराही वेळ लावला नाही. "केवटानं रामाचे पाय धुतले होते, बाई. रामानं केवटाचे नाही."

 मी मलम टेबलावर आपटलं आणि घरी निघून आले.

मामा म्हणाले होते की स्वतःच लावतो. पण पोट सुटलेलं आणि डावा गुडघा आखडलेला, हात टाचेपर्यंत पोचायचाच नाही. एका काठीला फडकं गुंडाळून त्यांनी प्रयत्न केला तेव्हा मलम दिवाणाच्या चादरीलाच जास्त लागलं. मग मी एक मालिशवाला ठरवला. त्याने आमचं मलम बाजूला ठेवलं, आपलं मोहरीचं तेल काढलं, आणि बोटांच्या मध्येच रगडून रगडून घातलं, वर मला सांगू लागला की दीदी, गरम विटेचा शेक द्या. मी त्याला त्याच्या तेलाच्या बाटलीसकट जिन्यापर्यंत पोचवून आले.

त्यानंतर काही दिवसांनी मी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर मामांकडे गेले. दार मामांनीच उघडलं. चेहरा हसरा.

"आज मी सगळं साफ करून टाकलं," ते म्हणाले. "तुले तरास नको म्हणून. पाह्य, कशी गुळगुळीत झाली टाच."

मी टाच बघितलीच नाही. मला त्यांच्यामागची फरशी दिसत होती. न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दारापर्यंत, एका पायाचे लाल ठसे उमटले होते. मामांनी दाढीच्या पत्तीने टाच तासली होती आणि पत्ती आत किती गेली ते त्यांना कळलंच नव्हतं. त्याच पायाने त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला होता. तो गॅसवर उकळत होता.

मी त्यांना खुर्चीत बसवलं, खाली बसले आणि तो पाय सरळ मांडीवर घेतला. मामा ओढत होते, मी सोडत नव्हते. माझ्या पंजाबी ड्रेसवर रक्त पसरत होतं. मी ओरडत होते, काय ते आता आठवत नाही, पण त्यात आई होती, नागपूरचा तो बाक होता, आणि तुम्ही गेलात तर मी सणाला कुणाच्या घरी जाऊ हेही होतं. घाबरले होते मी. राग नुसता वरचा होता.

मामांनी ओढणं थांबवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मले पाप लागते, बाई."

"लागू द्या."

"तुले तसं बोलाले सोपं आहे," ते म्हणाले.  मी ओढणीने टाच दाबून धरली होती. मग ते हळूच म्हणाले, "ठीक आहे. लाव तू हात. पण दर वेळी मी लगेच तुह्या पाया पडीन. नाही म्हणाचं नाही."

"पडा," मी म्हणाले. त्या क्षणी त्यांनी दिल्लीचं तख्त मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

जखम त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बांधून आणली. ती भरेपर्यंत तिथली मलमपट्टी त्यांच्याकडेच, आणि दुसरा पाय मात्र माझ्याकडे. पहिल्याच दिवशी अडचण उभी राहिली. मी पाय धुतला, टिपला, मलम लावलं, हात धुऊन आले, आणि मामा कबूल केल्याप्रमाणे वाकायला लागले. पण गुडघा वाकेना. अर्ध्यात अडकले, तर मीच त्यांना धरून परत बसवलं. "आज राहू द्या," मी म्हटलं, तर ते ऐकायला तयार नाहीत. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीकडे बोट दाखवलं. मामीची पेटी ती, तिच्या लुगड्यांची.

"पेटीवर उभी राह्य."

असं ते सुरू झालं. मंत्रालयातली एक सहायक, खांद्याला पर्स, रोज संध्याकाळी पेटीवर चढून उभी राहायची आणि समोर खुर्चीत बसलेला म्हातारा किंचित पुढे झुकून तिच्या पायांना हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. मला लाज वाटायची. दार लावून घ्यावं म्हटलं तर उन्हाळ्यात कूलरसाठी ते उघडं लागायचं. शेजारची एक बाई येता-जाता बघून गेली असावी, कारण एके दिवशी ती हात जोडूनच आत आली आणि म्हणाली, "दीदी, मेरे लड़के की नौकरी कब लगेगी?" पाऱ्यात, म्हणजे त्या आळीत, बातमी फुटली होती की मंत्रालयवाल्या दीदीच्या अंगात देवी येते. नव्या राजधानीत नोकऱ्या निघत होत्या, देवीला कामाची काय कमी! मी पेटीवरून उतरून तिला नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि तरी जाताना नारळ ठेवूनच गेली. मामांनी त्याच्या वड्या करायला लावल्या, आणि स्वतः एकही खाल्ली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मामांच्या टाचांना वेळ लागला. आधी काळ्या रेघा फिक्या झाल्या. चिरांच्या कडा मऊ पडल्या, मग एकेक चीर मिटत गेली. पत्तीची जखम भरली तिथे एक गुळगुळीत पांढरी खूण राहिली. मला ते पाय पाठ झाले, कुठे घट्टा आहे, कोणतं नख आत वळतं. पायांचं ओझं वाटायचं बंद झालं होतं. खरं सांगायचं तर दिवसातली तीच एक वेळ होती जेव्हा माझ्याशी कुणी मराठीत बोलायचं. डॉक्टरीणबाईंनी पाय उलटे-सुलटे करून पाहिले आणि मामांना म्हणाल्या, "अंकल, बहुत बढ़िया." धाग्याची परीक्षा पुन्हा झाली. या वेळी मामा खरं तेच बोलले. बहुतेक जागी "नाही" म्हणाले. गेलेलं काही परत आलं नव्हतं, पण पाय शाबूत होता.

वर्षं गेली. मंत्रालय शहराबाहेर नव्या राजधानीच्या मोठ्या इमारतीत गेलं. मी बसने जाऊ-येऊ लागले, घरी पोचायला उशीर होऊ लागला. पेटी मात्र सुटली नाही. मामा आणखी म्हातारे झाले, हात सावकाश चालायला लागला, त्यामुळे पाया पडायलाही वेळ लागायचा. मी पेटीवर उभी राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असायची.

एका संध्याकाळी असंच कॅलेंडर वाचताना माझ्या लक्षात आलं की मामांचा हात कपाळाकडे गेलाच नाही. तो माझ्या टाचेवरच थांबला होता. अंगठा मागेपुढे फिरत होता.

"काय झालं?"

"काहून वं, तुही टाच अशी खरखरीत काहून लागून राहिली?"

"धूळ असते तिथे. नवीन रस्ते, बांधकाम."

"धूळ माहीत आहे मले." अंगठा पुन्हा फिरला. "इथं चीर आहे. मोठी आहे. दुखत नाही?"

मी खाली बघितलं. "नाही," म्हणाले, आणि माझंच बोलणं माझ्या कानांवर आलं. गेले काही महिने मी घागरभर पाणी पीत होते, दुपारी टेबलावर डोकं टेकत होते, आणि दोष त्या बसला देत होते. साऱ्या शहरात मी एकटीच अशी असेन जिच्या पायांना रोज कुणीतरी हात लावत होतं. माझे पाय मला माहीत नव्हते. मामांना होते.

तपासणीत साखर निघाली, चांगलीच वाढलेली. डॉक्टरीणबाईंच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं. त्यांनी तोच धागा काढला. मी डोळे मिटले. मला बऱ्याच जागी कळलं, एक-दोन जागी कळलं नाही, आणि "हो" म्हणायचा मोह किती होतो तेही कळलं. वेळेत सापडलंय, एवढं त्या दोनदा म्हणाल्या.

त्या दिवशी पुरानी बस्तीत पोचले तर खुर्चीसमोर बादली होती. मामांनी पाणी भरून ठेवलं होतं.

"हात घालून पाह्य, कोमट आहे का," ते म्हणाले. "मले नाही समजत."

"मामा, राहू द्या. मी लावीन माझं मी."

"काहून? मले काही पाप लागते का याचं?" ते म्हणाले. खरंच होतं. पाप लागणार नव्हतं. मामाने भाचीचे पाय धुवायचे, यात रीतीला उलट काहीच नव्हतं.

पाणी कोमट होतं. या वेळी पेटीवर मी उभी राहिले नाही, बसले. मामांनी खुर्चीतूनच तांब्याने पाणी घालून माझा एक पाय धुतला, आपल्या मांडीवर घेतला, टॉवेलने टिपला, बोटांच्या मधलं पाणी एकेक करून टिपलं. मग मलमाची नळी उघडली. मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "बोटाच्या मधात लावाचं नाही. माहीत आहे." मग ते टाचेवर अंगठा फिरवत राहिले, चीर जिथे होती तिथेच, पुन्हा पुन्हा. मला रडू आवरेना, आणि मी आवरलंही नाही.

"ताईची टाच मी कधी पाह्यलीच नाही वं," मामा खाली मान घालून म्हणाले. "तुहा पाय मी जाऊ देत नाही."

आणि त्यांनी दुसरा पाय पुढे करायला सांगितला.